जाधव मामांची रेकॉर्ड रूम आणि आमचं सॉफ्टवेअर

कुठल्याही हॉस्पिटलात कामाला गेले की पहिल्या दिवशी मी एक नवी वही सुरू करते. डावीकडे प्रॉब्लेम लिहायचा, उजवीकडे त्यावर काय केलं ते. महिनाभरात लक्षात येतं की या दोन रकान्यांत न बसणारंच वहीत जास्त साठलंय. ऑफिसच्या रिपोर्टात ते घालता येत नाही, टाकून द्यायला जीव होत नाही. मग ते असं तुमच्यासारख्यांना पकडून चहाबरोबर सांगायचं.

माझं काम सांगायला सोपं आहे. पेशंटचे केसपेपर, रिपोर्ट, औषधांच्या नोंदी हे सगळं कॉम्प्युटरवर आणायचं आणि मग तिथल्या माणसांना ते वापरायला लावायचं. पहिलं काम मशीन करतं. दुसऱ्याला माझ्यासारखी चिवट बाई लागते.

हे सगळे किस्से एकाच हॉस्पिटलातले. भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकच्या जरा अलीकडे, पन्नास खाटांचं. नाव सांगणार नाही. मी तिथून चार गल्ल्या सोडून राहते आणि कधी ना कधी मलाच तिथे ॲडमिट व्हायचंय!

पहिल्याच मीटिंगमध्ये हॉस्पिटलचे मालक, म्हणजे सगळ्यांचे 'मोठे डॉक्टर', म्हणाले, "मॅडम, तीन महिने कागद आणि कॉम्प्युटर दोन्ही चालू देत. जमलं तर कागद बंद. रेकॉर्ड रूम रिकामी करून तिथे मला सोनोग्राफी टाकायचीय."

"आणि रेकॉर्ड रूमचे मामा?" मी विचारलं.

"बघू."

मालक 'बघू' म्हणाला की काय समजायचं ते नोकरी केलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

हे जाधव मामा चिपळूणकडचे. बावीस वर्षं त्याच खोलीत, फाइलींच्या रॅकमध्ये. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली होती. मी पहिल्यांदा खोलीत गेले तेव्हा त्यांनी सरळच विचारलं, "तुमचं काम झालं की माझं संपलं. होय ना?" मला खोटं बोलता येईना. तर त्यांनीच माझ्यापुढे चहाचा कप सरकवला. "प्या. तुमचा काय दोष त्यात?" मला फार लाज वाटली, खरं सांगते.

*

पहिला घोटाळा माझाच. जनरल वॉर्डातल्या दहा बेडना मी नंबर दिले, दारापासून एक ते दहा. किचनच्या मावशी मात्र वर्षानुवर्षं खिडकीपासून मोजतात, हे मला कुणी सांगितलं नाही. सिस्टर लोकांना नंबर लागतच नाहीत. त्यांचा एक 'पंख्याखालचा', एक 'बाथरूमजवळचा', एक 'कुरकुऱ्या'.

पहिल्या दिवशी किचनला कॉम्प्युटरवरून जेवणाची यादी गेली. दाराजवळ डायबेटिसचे एक काका होते, खिडकीजवळ पाय प्लास्टरमध्ये घातलेला तरणाबांड मुलगा. मुलाला मिळाली कारल्याची भाजी आणि बिनसाखरेचा चहा. त्याने वॉर्ड डोक्यावर घेतला. मी धावत पोचले तोवर काकांची शिऱ्याची वाटी लख्ख झालेली!

तोंड पुसत काका म्हणाले, "मॅडम, लोक काही का बोलेनात, कॉम्प्युटर झकास चाललाय. बंद करू नका!"

त्या दिवशी काकांची शुगर चार वेळा तपासली. संध्याकाळच्या जेवणाआधी मी सगळे नंबर उलटे करून टाकले.

*

नाव नोंदवताना मोबाइल नंबर टाकल्याशिवाय आमचं सॉफ्टवेअर पुढे सरकत नाही. रिपोर्ट तयार झाला की त्याच नंबरवर मेसेज जातो. मी स्टाफसमोर तासभर भाषण दिलं, की पेशंटची माहिती ही फक्त पेशंटची. शेजाऱ्याला नाही, नातेवाइकाला नाही, कुणालाही नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पंधरा दिवसांनी रिसेप्शनवरची पूजा म्हणाली, "मॅडम, एकाच नंबरवर सव्वीस पेशंट दिसताहेत."

नंबर निघाला जवळच्याच एका सोसायटीच्या वॉचमनचा. बिल्डिंगमधल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी तोच दिला होता. एका आजोबांना मी विचारलं, तुमच्या मुलाचा नंबर का नाही दिला? ते म्हणाले, "मुलगा फोन उचलत नाही. वॉचमन उचलतो."

शेवटी मी वॉचमनलाच भेटायला गेले. तो गेटवर एका आजोबांना अडवून सांगत होता, "अंकल, शुगर दो सौ के ऊपर आया है आपका. मिठाई का डिब्बा इधर रखो, ऊपर मत ले जाओ." आजोबांनी मुकाट्याने डबा दिला!

मी त्याला गोपनीयता वगैरे समजावायला लागले. त्याने शांतपणे ड्रॉवरमधून एक डायरी काढली. फ्लॅट नंबर, नाव, तारीख, रिपोर्ट, सगळं ओळीने लिहिलेलं. अक्षर आमच्या कुठल्याही डॉक्टरपेक्षा चांगलं.

"ये किसलिए?" मी विचारलं.

"मैडम, आपका सर्वर डाउन हो गया तो?"

आमचा सर्वर त्या आठवड्यात दोनदा बंद पडला होता. मी डबा बाजूला सरकवून त्याच्या स्टुलावर बसले आणि पाणी मागितलं.

*

जन्मतारखेचंही तसंच. ज्यांना ती माहीत नाही त्यांची पूजा एक जानेवारी टाकायची. निम्म्या जुन्या पेशंटना तारीख माहीत नव्हती. आणि सॉफ्टवेअरमध्ये 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' नावाची सोय आमच्या ऑफिसने आपण होऊन चालू करून ठेवलेली. मला न विचारता!

एक जानेवारीला सकाळपासून फोन सुरू. कुणी म्हणे माझा वाढदिवस नाही, कुणी म्हणे मेसेज आला तर गिफ्ट काय देणार? मोठे डॉक्टर माझ्याकडे असे बघत होते की मी बॅग भरायच्या तयारीतच होते.

तेवढ्यात मोरवा गावच्या एक आजी आल्या. नवं लुगडं, केसांत अबोली, हातात पेढ्यांचा पुडा. थेट मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये.

"डॉक्टर, माजा वाढदिवस कवा हाय, ता माज्या आयसला पन ठाव न्हवता. तुमच्या मशीनला कसा समाजला?"

डॉक्टरांनी पेढा घेतला, आजींच्या पाया पडले आणि मला म्हणाले, "राहू दे ती सोय."

*

पासवर्डवर तर वेगळी वही होईल. प्रत्येक सिस्टरने आपापल्या नावाने लॉगिन करायचं आणि दिलेल्या औषधाची नोंद करायची, असा नियम. महिन्याने पासवर्ड बदलायचा, हाही नियम. महिना संपला आणि सगळ्या आपापला पासवर्ड विसरल्या. लक्षात राहिला तो एकट्या सुर्वे सिस्टरना. त्या सगळ्यात सीनियर. मग तिन्ही मजल्यांवर सगळ्या त्यांच्याच नावाने आत शिरायला लागल्या.

मोठ्या डॉक्टरांनी रिपोर्ट काढला. सुर्वे सिस्टर सलग अकरा दिवस, चोवीस तास, तिन्ही मजल्यांवर एकाच वेळी इंजेक्शनं देत होत्या! त्यांना केबिनमध्ये बोलावणं गेलं. सोबत मलाही.

"सिस्टर, हे काय आहे? अकरा दिवस तुम्ही घरीच गेला नाहीत?"

सुर्वे सिस्टरनी कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि परत दिला.

"खरंच आहे हे, डॉक्टर. आत्तापर्यंत कुणी लिहून ठेवत नव्हतं, एवढंच."

डॉक्टरांना खोकला आला. पुढच्या पंधरवड्यात वरच्या दोन्ही मजल्यांना वेगळ्या इन्चार्ज सिस्टर मिळाल्या. हे मात्र मी ऑफिसच्या रिपोर्टात ठळक अक्षरांत घातलं.

*

आणि मग आला तिसऱ्या महिन्याचा शेवटचा आठवडा.

जुन्या फाइली स्कॅन करून कॉम्प्युटरवर चढवल्या की एकाच माणसाच्या दोन-दोन, तीन-तीन नोंदी निघतात. त्या शोधून एक करायच्या असतात, नाहीतर एकाचं औषध एका नोंदीत आणि ॲलर्जी दुसरीत असला जीवघेणा प्रकार होतो. मशीन जोड्या लावून देतं, अमुक टक्के सारखे म्हणून. पण खात्री माणसालाच करावी लागते. पेशंटना ओळखणारा माणूस तिथे एकच होता. ज्यांची नोकरी संपवायला मी आले होते, त्यांच्याकडेच मला मदत मागायची होती!

मामा स्टूल घेऊन शेजारी बसले. चष्मा पुसला. "घ्या नाव."

"शांताबाई पाटील. दोन."

"वेगळ्या. एक वरसाव्याची, एक मोरव्याची. वरसाव्याचीला कमी ऐकू येतं."

"सुरेश यादव. तीन."

"एकच. रिक्षावाला. दर वेळी कार्ड हरवतो."

"कांचनबेन शाह. एकीचं वय बेचाळीस, दुसरीचंही बेचाळीस. पण मामा, नोंदींमध्ये सहा वर्षांचं अंतर आहे. मशीन म्हणतंय वेगळ्या."

"एकच. तिचं वय वाढत नाही."

असे पाच दिवस. रोज यादी कमी होत होती आणि यादी संपली की मामा घरी. ते मलाही माहीत होतं, त्यांनाही. गुरुवारी मला राहवेना. म्हटलं, "मामा, जरा सावकाश सांगा ना. घाई नाहीये."

"कशाला? अर्धवट काम टाकून जायची सवय नाही मला."

सर्दीचं निमित्त करून मी बाहेर जाऊन आले.

शनिवारी मोठे डॉक्टर सही करायला आले. यादीत एकच जोडी राहिली होती. नाव बदलून सांगते, रमेश ठाकूर म्हणू. मशीनच्या मते नव्व्याण्णव टक्के सारखी जोडी. जन्मतारीख तीच, रक्तगट तोच, पित्ताशयाचं ऑपरेशन तेच. पण मामांनी त्यावर पेन्सिलने फुली मारून ठेवलेली.

"या दोन वेगळ्याच राहू द्या," मामा म्हणाले.

डॉक्टर हसले. "जाधव, अहो, पित्ताशय मीच काढलंय त्याचं! माणूस एकच आहे."

"माणूस एकच आहे, डॉक्टर."

"मग?"

"फाइली दोन आहेत."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. आता मामांचं काही खरं नाही, असं मला वाटलं. मी दोन्ही नोंदी स्क्रीनवर शेजारी-शेजारी उघडल्या. प्रत्येक रिपोर्ट, प्रत्येक गोळी, ॲलर्जीची नोंद, दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखं. एकीतलं दुसरीत उतरवलेलं, सगळं मामांच्या हातचं. फरक होता तो दोनच ओळींत. एकीत पत्ता मोरवा, जवळचे नातेवाईक: पत्नी, सुनंदा. दुसरीत पत्ता इंद्रलोक, जवळचे नातेवाईक: पत्नी, वैशाली.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं.

"मी बारा वर्षं याला तपासतोय. मला कधी दोन फाइली दिसल्या नाहीत!"

"एका वेळी एकच देतो ना मी."

"आणि कुठली द्यायची ते कसं कळतं तुम्हाला?"

"सोबत कोण आलंय ते बघून."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमच्या सॉफ्टवेअरला..."

"नाही जमणार, डॉक्टर." तीन महिन्यांत हे वाक्य मी पहिल्यांदाच बोलले आणि मनापासून बोलले.

"असे अजून किती आहेत, जाधव?"

"ते मी सांगत नाही, डॉक्टर."

डॉक्टरांनी सही केली. सोमवारपासून कागद बंद, रेकॉर्ड रूममध्ये सोनोग्राफी. मामांनी किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टर निघाले, दारापर्यंत गेले आणि थांबले.

"जाधव, माझी पण फाइल असेल ना तुमच्याकडे?"

मामांनी नेहमीच्याच आवाजात विचारलं, "कुठली, डॉक्टर?"

मोठे डॉक्टर परत येऊन खुर्चीत बसले.

"मॅडम, रिसेप्शनला अगदी दारासमोर एक टेबल टाकून घ्या. आणि जाधवांचं लॉगिन आजच करा."