पांदणीच्या पल्याडची गोष्ट

उंद्रीच्या शिवारात वच्छलाबाईला कापूस वेचायला बोलवायचे ते तिच्या हातांसाठी नव्हे, तोंडासाठी. तिची गोष्ट सुरू झाली की बाकीच्या बायांचे हात आपोआप चालायचे. नियम मात्र कडक. कुणीतरी ‘हं’ म्हणत राहायचं. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. आणि ज्यानं हुंकार दिला त्यानं गोष्ट अर्धी सोडायची नाही, नाहीतर घरात बरकत राहत नाही. हे तिच्या सासूचं सांगणं. गाव ते मानायचं, आणि न मानणारेही उगाच विषाची परीक्षा कशाला म्हणून गप्प बसायचे.

तिचं वावर पांदणीच्या अगदी शेवटाला. पांदण म्हणजे वावरांमधून जाणारी गाडीवाट. दोन्हीकडच्यांनी दरवर्षी धुरा, म्हणजे वावराचा बांध, जरासा वाटेवर सरकवला, आणि गाडीवाटेची पायवाट झाली. तोंडाशीच एका बाजूला शेषराव, दुसऱ्या बाजूला हबीब. माणसं दोन्ही भली, पण धुऱ्याचं नाव काढलं की ‘आधी त्याले सरकू द्या’ एवढंच म्हणायची. मोजणी झाली, ग्रामसभा झाली. त्यातून दोघांचं बोलणं तेवढं बंद झालं.

यंदा वच्छलाबाईचं सोयाबीन कापून त्याची गंजी लागली, पण मळणीयंत्र तिथवर जाईना. मागच्या साली असंच झालं होतं आणि अर्धी गंजी पावसात कुजली होती. तिचा मुलगा राजकुमार कंटाळला. दिवाळी झाली की वावर विकू, गिऱ्हाईक पाहून ठेवलंय, असं त्यानं सांगून टाकलं. त्या वावरातले दगड तिनं नवऱ्याबरोबर स्वतःच्या हातानं वेचले होते. पण पोराचं चुकतंय असंही तिला म्हणता येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मळणीयंत्र हबीबच्या वावरात होतं. त्याची माणसं निंबाखाली भाकरीला बसली होती. पलीकडच्या धुऱ्यावर शेषरावाची. वच्छलाबाई आली ती थेट मधोमध, पांदणीत फतकल मारून बसली. गोष्ट सांगते म्हणाली, हुंकार कोण देते?

सवयीनं शेषराव ‘हं’ म्हणून गेला. मग हबीब कसा मागं राहील?

एक वाट होती, वच्छलाबाई सांगू लागली, मोठी भोळी. रोज शेतातून लक्ष्मीला घरी आणायची. कुणी म्हणालं, बाई, थोडी सरक, ती सरकली. दुसरा म्हणाला, इकडूनही सरक; तशीही सरकली. आक्रसत आक्रसत एवढी झाली की डोक्यावर भारा घेऊन निघालेल्या लक्ष्मीला पाय ठेवायला जागा उरली नाही. मग लक्ष्मीनं काय केलं?

एवढं म्हणून वच्छलाबाईनं फडकं झटकलं आणि उठली.

“पुढची गोष्ट माह्या वावरात सांगीन. मशीन घेऊन या.”

शेषराव चिडला. ही तर अडवणूक झाली, म्हणाला. वाट अडवून बसलेल्यानं हे म्हणावं याचं बायांना हसू आवरेना.

“हुंकार तुमीच देला ना भाऊजी,” वच्छलाबाई शांतपणे म्हणाली आणि घराकडे चालू लागली.

मग गावात दुसरा विषयच उरला नाही. हबीबच्या अमीनानं नवऱ्याला जेवताना विचारलं, लक्ष्मीचं पुढं काय झालं? शेषरावाच्या घरीही तेच. गोष्टीतल्या माणसांना नावं नव्हती, म्हणून कुणाला कबुली द्यावी लागणार नव्हती. हुंकार दोघांनी दिलेला, म्हणून आधी कोण हा प्रश्नही नव्हता. एका सकाळी शेषराव फावडं घेऊन पांदणीवर पोचला तर हबीब आपला धुरा फोडत होता. शेषरावानंही आपल्या बाजूच्या धुऱ्यात फावडं घातलं. त्यांचं पाहून पुढचे वावरवालेही उतरले. वाट अडवणारा शेवटचा माणूस व्हायची कुणाची तयारी नव्हती.

मळणीयंत्र वच्छलाबाईच्या गंजीपाशी लागलं. सगळे तिच्याभोवती बसले. लक्ष्मीनं भारा खाली ठेवला, ती म्हणाली, आणि तिथंच बसून राहिली. घरचे आपल्याला न्यायला येतील हे तिला ठाऊक होतं. ते आले.

“एवढंच?” शेषराव म्हणाला. “एवढ्यासाठी माती उपसली का हो आपण, हबीबभाई?”

हबीब मोठ्यानं हसला आणि त्यानं शेषरावापुढं पाण्याची कॅन सरकवली.

दाणे पोत्यात पडू लागले. राजकुमारनं तोंडावरचा भुसा पुसला आणि आईजवळ आला. आता इथं हरभरा पेरावा का गहू, असं त्यानं विचारलं.

आजवर वच्छलाबाईनं त्या जमिनीला कायम ‘माहं वावर’च म्हटलं होतं.

“मले काऊन इचारून राह्यला?” ती म्हणाली. “वावर तुह्यं हाये.”