आमच्या नात्यातले अर्थतज्ज्ञ

माझं लग्न ठरलं तेव्हा वाघोलीत फारसा कुणी कॉम्प्युटर पाहिलेला नव्हता. माझ्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, तर नाहीच नाही. तरीही त्यांनी एक हायस्कूलचा मास्तर आणि एक चांगला बागायतदार नाकारला आणि माझ्यासाठी 'कॉम्प्युटरवाला' शोधून काढला. परदेशी कंपन्या येणार, नोकऱ्याच नोकऱ्या होणार, असं तेव्हा पेपरात रोज यायचं आणि तात्या पेपर घरभर ऐकू जाईल असा वाचायचे. पाहण्याच्या कार्यक्रमात त्यांनी मुलाला एकच प्रश्न विचारला.

"त्या यंत्राचा शॉक बसतो का हो?"

"नाही. उलट ते तापू नये म्हणून खोलीला एसी असतो. आत जाताना चपलासुद्धा बाहेर काढाव्या लागतात."

तात्या जागच्या जागी खूश झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पारावर सांगितलं, "जावई असल्या ठिकाणी कामाला हाय, जिथं चप्पल काढूनच आत जावं लागतं." ऐकणाऱ्यांपैकी काहींचा समज झाला की मला पुजाऱ्याच्या घरी दिलं.

लग्नानंतर मी बिबवेवाडीत आले. नवऱ्यानं कंपन्या बदलल्या, आम्ही भाड्याच्या घरातून स्वतःच्या घरात गेलो, मुलगी झाली. तिकडे वाघोलीत ज्वारीच्या रानात इमारती उगवल्या. तात्यांनी रान विकलं, घराभोवतीच्या जागेवर खोल्या बांधल्या आणि इंजिनीअरिंगच्या पोरांना भाड्यानं दिल्या. त्या भाडेकरू पोरांनीच त्यांना एआयशी बोलायला शिकवलं. फोनला मराठीत विचारायचं आणि तो मराठीत उत्तर देतो, हे तात्यांना फार आवडलं. शिवाय तो त्यांना 'आपण' म्हणायचा. आमच्या आईनं कधी तसं म्हटलं नव्हतं. गुडघेदुखी, परसातल्या वांग्यावरची कीड, शेजाऱ्यानं हद्दीचा बांध कोरला आहे का, सगळं ते फोनला विचारायचे. बांधाचं उत्तर पटलं नाही तेव्हा त्यांनी फोनला झापलंही होतं.

मुलगी इंजिनीअर होऊन कंपनीत लागली. दोन-तीन वर्षांनी एका रविवारी मी मेथी निवडत होते तेव्हा ती समोर येऊन बसली, न सांगता मेथी निवडू लागली, आणि मला कळलं की काहीतरी मोठं आहे.

मुलगा तिच्याच कंपनीतला होता, खडकीचा. वडील लवकर गेलेले. आई दारूगोळा कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेली. मुलगा हुशार, घर नीटनेटकं, आणि कुटुंब बौद्ध. आम्ही शेतीवाडीवाले मराठे. हे शेवटचं वाक्य ती बोलली नाही, आणि मीही बोलले नाही. मेथी मात्र दोघींनी जरा जास्तच बारकाईनं निवडली.

मी तात्यांना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोरगं काय करतं म्हणालीस?"

"सॉफ्टवेअरमध्ये आहे."

"अरारारा! मग कसं जमायचं? ते एआय आलंय ना. ह्या लोकांच्या नोकऱ्या राहत्यात का आता?"

मी चकितच झाले. पंचवीस-तीस वर्षं ज्या धंद्याची आरती ओवाळली, तो एका फोनमध्ये बुडाला होता. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, तर तोही चष्मा पुसत म्हणाला, "तसं मार्केट खराबच आहे. घाई नको." हा माणूस स्वतः त्याच मार्केटमध्ये रोज डबा घेऊन जात होता.

पुढच्या आठवड्यात बातमी नात्यात पसरली आणि फोन सुरू झाले. माझ्या आत्याला ऑटोमेशनची काळजी लागली. सासरच्या एका काकांनी भारतासारख्या देशात तरुणांची संख्या जास्त असताना यंत्रांनी कामं करणं किती घातक आहे, यावर मला चांगलंच व्याख्यान दिलं. एका मावशीनं तर 'आता हातात कौशल्य असलेलाच तरेल' असं सांगून फोन ठेवला. त्या मावशीनं त्याआधी कधी भाजीच्या भावापलीकडे अर्थव्यवस्थेत लक्ष घातलं नव्हतं. आमच्या नात्यात एवढे अर्थतज्ज्ञ आहेत, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

पूर्वी असल्या वेळी पत्रिका जुळत नसे. गुण कमी भरत, नाहीतर मंगळ आडवा येई. आता शिकल्यासवरल्या घरात पत्रिकेचं नाव काढायची लाज वाटते आणि खरं कारण सांगायची तर त्याहून जास्त. त्यामुळे एआय बिचारं अगदी वेळेवर आलं.

तेवढ्यात तात्यांनी स्थळ आणलं. मुलगा लोणीकंदचा, नात्यातल्या ओळखीचा, खराडीला नोकरीला. "सोन्यासारखं पोरगं हाय," तात्या म्हणाले. "काय करतो?" मी विचारलं. "सॉफ्टवेअर!" ते अभिमानानं म्हणाले. एआयचा 'ए'सुद्धा निघाला नाही.

मला वाटलं, मुलगी चिडेल. ती गोड हसली. माझ्या मुलीचं गोड हसू मी ओळखून आहे. शाळेत असताना ती अशी हसली की मला मुख्याध्यापकांचं बोलावणं यायचं.

"आजोबांना रविवारी जेवायला बोलव," ती म्हणाली. "बोलू की त्या स्थळाबद्दल."

तात्या आले. मटण झालं, भाकरी झाली. तात्या सोफ्यावर टेकल्यावर ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"आजोबा, तुम्हाला माझ्या नोकरीची, होणाऱ्या नवऱ्याच्या नोकरीची काळजी आहे ना? मग तुमच्या फोनलाच विचारू या. तुम्ही मला विचारण्याआधी त्यालाच विचारता."

तात्यांनी मोठ्या तयारीनं फोन काढला. तिनं आधी खडकीच्या मुलाचं काम सांगितलं. तो दवाखान्यांच्या कॉम्प्युटर यंत्रणा बसवायचा आणि सांभाळायचा. मग लोणीकंदच्या मुलाचं सांगितलं. तो दुसऱ्यांनी केलेले प्रोग्रॅम तपासायचा. दोघांतल्या कुणाची नोकरी जास्त टिकेल?

फोननं घसा साफ केल्यासारखं लांबलचक उत्तर दिलं. दोन्ही क्षेत्रांत संधी आहेत, दोन्हींत आव्हानं आहेत, नवं शिकत राहणं महत्त्वाचं आहे.

"हे तर मतदानाच्या आधीच्या सरपंचावानी बोलतंय," तात्या वैतागले. "हो म्हणंना, नाय म्हणंना. ए, नीट सांग की!"

नीट सांग म्हटल्यावर त्यानं नीट सांगितलं. तपासणीचं काम यंत्राकडे लवकर जाण्याची शक्यता जास्त.

 तात्या फोन उलटा ठेवत म्हणाले, "असंल. पण ते पोरगं आपल्यातलं हाय."

नवऱ्यानं चष्मा काढला. मी रिकाम्या ताटल्या पुन्हा एकमेकींत रचल्या. मुलगी अगदी निरागसपणे म्हणाली, "म्हणजे एआय आपल्यातल्यांच्या नोकऱ्या खात नाही का, आजोबा? ते आधी विचारून घेतं?"

नवरा फस्सकन हसला. त्याला हसायचं नव्हतं, पण बाहेर पडलं ते पडलंच. तात्या उठले, टोपी घातली आणि "मी चाललो" म्हणून दारापर्यंत गेले. मी मागोमाग धावले. रिक्षात बसताना ते मला म्हणाले, "लई शिकवलीस पोरीला."

पुढे महिनाभर त्यांचा फोन नाही. मी करायचे तर आई उचलायची आणि "ते रानात गेलेत" म्हणायची. आमचं रान कधीच विकलं गेलं होतं.

मग एका दुपारी तात्यांचाच फोन आला. आवाज चढलेला.

"तुला ठाव हाय का, ती बाई काय म्हणती?"

"कोण बाई?"

"खडकीची! पोराची आई!"

कुणाला न सांगता हे गृहस्थ खडकीला जाऊन थडकले होते. घर बघायला, माणसं जोखायला, आणि जमलं तर शांतपणे नकार देऊन यायला. बाईंनी त्यांना बसवलं, चहा दिला. चहाचा कप खाली ठेवण्याआधीच विचारलं, "आपली नात नेमकं काय काम करते?"

तात्यांनी ऐटीत सांगितलं की कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं देणारी यंत्रणा ती बघते.

"ते तर आता एआयच करतं म्हणतात," बाई म्हणाल्या. "आमच्या नात्यात सगळ्यांना तीच काळजी आहे. मुलीच्या नोकरीची काही शाश्वती नाही, म्हणतात. आमच्या ओळखीत एक मुलगी आहे, नर्स. त्या कामाला मरण नाही."

तात्यांना हे झेपलंच नाही. आपण नकार द्यायला गेलो आणि नकार घेऊन आलो, हा हिशेब त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच उलटा पडला होता.

"आपल्या पोरीत काय कमी हाय गं?" ते मला विचारत होते. "इंजिनीअर हाय, दिसायला चांगली हाय. एआयचं निमित्त करत्यात लेकाचे! मला काय कळत नाय व्हय?"

मी तोंडावर पदर धरला. "तात्या, खरं कारण काय असेल हो?"

तात्यांचा चढलेला आवाज खाली आला. मग ते हळूच म्हणाले, "त्यांच्या भाऊबंदांना आपली भीती वाटत असंल. पोरगी नांदंल का, आपण तिच्या सासूला जेवायला ताट-पाट नीट देऊ का." पुढे म्हणाले, "वाटणारच की. इतकी वर्षं काय दिलंय?"

तात्यांच्या तोंडून असं वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं. त्यानंतर त्यांनी जो मोर्चा उघडला, तो पाहण्यासारखा होता. ज्या आत्यानं, काकांनी आणि मावशीनं देशाच्या भवितव्याची चिंता केली होती, त्यांना त्यांनी स्वतः फोन केले आणि एआयमुळे नोकऱ्या कशा वाढणार आहेत, ते समजावून सांगितलं. खडकीला ते आणखी दोनदा गेले, दुसऱ्या वेळी आईला घेऊन. बाई त्यांना म्हणाल्या, "आपण वारंवार येता, त्यापेक्षा मुलांना विचारून तारीख ठरवू या." तात्या आम्हाला म्हणाले, "बाई लई तोडून बोलती," आणि हे कौतुकानं म्हणाले.

लग्न बौद्ध पद्धतीनं झालं. जेवण वाघोलीला झालं. काही नातेवाईक आले नाहीत, त्यांनी कारण म्हणून ट्रॅफिक सांगितला. नगर रोडचा ट्रॅफिक असल्यामुळे कुणाला खोटंही म्हणता येईना.

आता नोकऱ्यांचं. लोणीकंदचा मुलगा अजून खराडीलाच आहे, त्याला बढती मिळाली. जावयाचं काम चालू आहे. मुलीचा विभाग वर्षभरात बंद झाला, पण तिला त्याच कंपनीत दुसरीकडे घेतलं. नोकरी गेली ती माझ्या नवऱ्याची. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला कंपनीनं पुष्पगुच्छ दिला आणि सांगितलं की तुमचं काम आता यंत्रणा सांभाळेल. आमच्या इतक्या अर्थतज्ज्ञांपैकी एकाच्याही मनात त्याची काळजी आली नव्हती. तो काही महिने घरीच बसून होता. सध्या बिबवेवाडीतल्या छोट्या दुकानदारांना हीच नवी यंत्रं वापरायला शिकवतो. ते त्याला 'सर' म्हणतात आणि पुन्हा पुन्हा तेच विचारतात, त्यामुळे तो बरा आहे.

परवा त्याच मावशीचा फोन आला. तिच्या नातीनं कोल्हापूरचा कुणीतरी मुलगा पसंत केला आहे. "मुलगा चांगला आहे गं," मावशी म्हणाली, "पण वकील आहे. त्या एआयमुळे वकिलांचं काही खरं नाही म्हणे."

"मुलगा आपल्यातला का गं?" मी विचारलं.

"अगं, ऐकू येत नाहीये नीट," मावशी म्हणाली आणि फोन ठेवला.