राइली हाकालाचं गुरुवारचं पत्र

राइली हाकाला माझ्या वर्गात पहिल्यांदा आली तेव्हा पोरांना वाटलं, नळ दुरुस्त करायला कुणीतरी आलंय. सेहेचाळीस वर्षांची बाई, अंगात सॉ मिलचं निळं जाकीट, पायात लोखंडी टोकाचे बूट. आल्या आल्या तिने पहिल्या रांगेतली खुर्ची उचलली आणि थेट माझ्या टेबलासमोर, हातभर अंतरावर आणून ठेवली.

"मास्तर, मला कमी ऐकू येतं. मी ओठ वाचते. तेव्हा फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही. बोललात तर काहीतरी फेकून मारीन."

मी थंडर बेच्या कॉलेजात मोबाइलची अॅप्स बनवायला शिकवतो. मास्तरकीच्या वीस वर्षांत मला अशी ताकीद कुणी दिली नव्हती. महिनाभरात आमच्यातलं 'तुम्ही' गेलं, 'मास्तर' मात्र कायमचं चिकटलं.

बावीस वर्षं ती रंधा मारायच्या यंत्रावर होती. कानात बोळे घालायचे असतात हे तिला पहिली आठ वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं. मिल बंद झाली त्या दिवशी मालकांनी कामगारांना केक कापून दिला. राइलीने तो खाल्ला नाही. डब्यात घालून घरी नेला आणि कावळ्यांना टाकला.

ती एकटीच राहायची. एका दुपारी चुलीवर भांडं करपलं, धुराचा भोंगा अर्धा तास बोंबलत राहिला आणि ही शेजारच्या खोलीत निवांत शर्टाची बटणं लावत बसलेली. शेजाऱ्याने दार फोडलं तेव्हा तिला कळलं. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन तिने मनगट माझ्या नाकासमोर धरलं.

"हे घड्याळ थरथरतं ना? आणि याला ऐकूही येतं ना? मग हे ऐकून मला का सांगत नाही?"

"कुणी तसं अॅप बनवलं नाही म्हणून."

"झालं तर मग."

चौदा महिने लागले. दाराची घंटा वाजली की मनगटावर दोन छोटे धक्के, धुराचा भोंगा वाजला की न थांबणारी थरथर, मूल रडलं की हळूहळू चढत जाणारी. तिने अॅपला फिन्निश भाषेतलं नाव दिलं. अर्थ होता कोपरखळी. आम्ही सगळे त्याला कोपरखळीच म्हणायचो. पाच वर्षांत ते सहा हजार बहिऱ्या माणसांच्या मनगटावर जाऊन बसलं.

गुरुवारच्या पत्राची सुरुवात रागातून झाली. घड्याळाची कंपनी दर थोड्या दिवसांनी काहीतरी बदलायची आणि काय बदललं ते व्हिडिओतून सांगायची. व्हिडिओखाली अक्षरं नसायची. राइली तो व्हिडिओ माझ्यासमोर लावायची आणि मला शब्दन् शब्द लिहून द्यायला लावायची.

"एवढं लिहिलंसच तर बाकीच्या अॅपवाल्यांनाही पाठवते," ती म्हणाली. "जगात मी एकटीच बहिरी नाही. आणि ज्यांना ऐकू येतं त्यांना तरी यातलं काय कळतं?"

पहिलं पत्र एकोणचाळीस जणांना गेलं. चौथ्या वर्षी यादी चार हजारांवर होती, आणि त्यातले बहुतेक चांगले ऐकू येणारे होते. या आठवड्यात काय बदललं, त्याने तुमचं काय मोडेल आणि त्यावर काय करायचं, एवढंच ती लिहायची. मध्येच एखादी सूचना असायची. 'अॅप हातमोजे घालून चालवून बघा. आमच्याकडे उणे तीस असतं, तुमच्याकडे कुणाला तरी खरूज असेल.' किंवा, 'अॅप आईला वापरायला देऊ नका, आईच्या मैत्रिणीला द्या. आई खोटं बोलते.'

मग एका ऑक्टोबरात कंपनीने नवा बदल आणला. पडदा बंद असताना कुठलंही अॅप दहा मिनिटांहून जास्त वेळ ऐकत बसलं तर घड्याळ त्याला गपचूप बंद करणार, असा. जाहिरात मात्र होती, 'आता बॅटरी दोन दिवस टिकेल.'

तिसऱ्या दिवशी राइलीला मॅरेथॉन गावातून क्लारिस बोल्यू नावाच्या बाईचं पत्र आलं. क्लारिस जन्मापासून बहिरी. मुलगी पाच महिन्यांची. नवरा कामावर गेलेला, ती मुलीला निजवून धुणं वाळत घालायला तळघरात गेली. जिन्याचं दार उघडं होतं, घड्याळात कोपरखळी चालू होतं, म्हणून निर्धास्त होती. वर आली तेव्हा मुलगी रडून रडून निळी पडली होती, पाय पाळण्याच्या गजात अडकलेला. पाय वाचला. पत्राच्या शेवटी क्लारिसने विचारलं होतं, 'माझं काही चुकलं का? मी घड्याळात काही भलतं दाबलं का?'

राइलीने ते पत्र मला वाचायला दिलं आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "ती बाई स्वतःला दोष देतेय, मास्तर."

त्या गुरुवारी पत्रात एकच विषय होता. कंपनीच्या तक्रारींच्या पानावरही तिने सगळं मांडलं. दोन दिवसांत साडेतीनशे लोकांनी खाली लिहिलं. तिसऱ्या दिवशी कंपनीने ती चर्चा 'समाधान झाले' असा शिक्का मारून बंद केली.

"कुणाचं समाधान झालं?" राइली म्हणाली. "मला भेटव त्या माणसाला."

तो माणूस भेटला, फोनवर. नाव प्रेस्टन अॅडेअर, कंपनीत अॅपवाल्यांची बाजू सांभाळणारा. राइलीने त्याला तीनदा कळवलं होतं, फोन नको, लिहा. तरी त्याने फोनचीच वेळ ठरवली. म्हणून तिने मला बोलावलं आणि त्याला माझा नंबर दिला. मी स्पीकर लावला, त्याचं वाक्य ऐकायचं आणि तिच्याकडे बघून ओठांनी पुन्हा म्हणायचं.

अॅडेअर गोड बोलणारा होता. तो म्हणाला, "तुमच्या कामाचा आम्हाला फार आदर आहे. तुमच्या अॅपपुरती आम्ही खास सवलत देऊ. सोमवारपासून ते पूर्वीसारखं चालेल. फक्त हे तुमच्या पत्रात येऊ नये. नाहीतर प्रत्येक जण सवलत मागेल."

मी तिला सांगितलं. तिने विचारलं, "आणि बाकीच्यांचं काय? तो सास्काटूनचा माणूस, ज्याचं अॅप आकडीवाल्या मुलांवर लक्ष ठेवतं?"

"प्रत्येकासाठी नियम वाकवता येत नाही," अॅडेअर म्हणाला.

"त्याला सांग, हेच मला लिहून पाठव."

"ते लेखी देता येणार नाही, मॅडम. ही आपली आपसातली गोष्ट आहे."

मी ते वाक्य ओठांनी म्हटलं. राइलीने टेबलावरचा माझा फोन उचलला, तोंडापाशी धरला आणि सावकाश म्हणाली, "मग मला काही ऐकूच आलं नाही." आणि फोन बंद केला.

मी घाबरलो, हे कबूल करतो. म्हटलं, "अगं, घे ना सवलत. क्लारिसचं काम होईल. सहा हजार लोकांचं होईल. आधी तेवढं पदरात पाड, मग भांड."

"पदरात पडलं की भांडता येत नाही. मिलमध्ये हेच झालं होतं. आमच्या रांगेला चांगले बोळे दिले, पलीकडच्या रांगेला नाही. आम्ही गप्प बसलो. नंतर आमचेही बोळे काढून घेतले, तेव्हा पलीकडचं कुणी आमच्यासाठी बोललं नाही. का बोलावं?"

गुरुवारी तिने अॅडेअरचा प्रस्ताव पत्रात जसाच्या तसा छापला. सोमवारी कोपरखळी कंपनीच्या दुकानातून गायब झालं. कारण दिलं होतं, 'नियमभंग.' कुठल्या नियमाचा, ते नव्हतं.

ती आठवडाभर घराबाहेर पडली नाही. मला वाटलं, खचली. शनिवारी मी पर्शियन घेऊन तिच्याकडे गेलो. आमच्या गावचा तो गुलाबी पाकाचा पाव तिला रडतानाही चालतो. पण ती रडत नव्हती. स्वयंपाकघरात जुने पाच फोन मांडून बसली होती.

"ऐकायचं काम घड्याळाकडून काढूनच घेतलं," ती म्हणाली. "ऐकेल फोन. एखादा जुना फोन पाळण्यापाशी ठेवायचा. त्याला ऐकू आलं की तो घड्याळाला साधा निरोप पाठवेल, आणि निरोप आला की घड्याळाला थरथरावंच लागतं. निरोप बंद करायची कुणाची छाती आहे? मग त्यांचं घड्याळ कोण घेईल?"

"पण तुझं अॅप तर दुकानातून काढलंय."

"माझं काढलंय. बाकीच्यांचं नाही ना?"

पुढच्या गुरुवारी तिने ही सगळी युक्ती, पायरी पायरीने, पूर्ण कोडसकट चार हजार लोकांना फुकट वाटून टाकली. पाच वर्षांची मेहनत. खाली एक ओळ लिहिली: 'घ्या, वापरा, आपलं नाव लावा. फक्त चालतं ठेवा.' महिन्याभरात तशी अकरा अॅप्स आली. त्यातलं एक सास्काटूनच्या माणसाचं होतं. क्लारिसने दुसरं एक लावलं आणि कळवलं, चालतंय.

फेब्रुवारीत कंपनीचा मेळावा मिनियापोलिसला होता. राइली म्हणाली, जायचं. सात तास गाडी मी चालवली, कारण तिने चालवली असती तर तिला माझ्या तोंडाकडे बघता आलं नसतं आणि बोलणंच झालं नसतं. अर्ध्या वाटेवरच्या दूलूथपर्यंत ती मला मुद्दे सांगत होती; पुढे झोपली.

सभागृहात सातशे लोक. अॅडेअर मंचावर चाळीस मिनिटं बोलला. मागे भला मोठा पडदा, त्यावर डोंगरांची चित्रं, शेजारी एक कोरा फळा. अक्षर एकही नाही. प्रश्नांची वेळ आली तेव्हा राइली माइकपाशी गेली.

"मी राइली हाकाला. दर गुरुवारी पत्र लिहिते." सभागृहात कुजबुज झाली, बऱ्याच जणांना नाव माहीत होतं. "चाळीस मिनिटांत मला तुमचे 'बॅटरी' आणि 'धन्यवाद' हे दोनच शब्द कळले. माझा प्रश्न एवढाच आहे, दहा मिनिटांचा नियम कधी बदलणार? उत्तर लिहून द्या. तो फळा आहे तुमच्या मागे."

अॅडेअर हसला. "आपण नंतर निवांत बोलू या का?"

मी पहिल्या रांगेतून ते तिला ओठांनी सांगितलं. तिने मान हलवली. "निवांत मला ऐकू येत नाही. लिहा."

मागून कुणीतरी ओरडलं, "लिहा की!" मग दुसरा. मग अर्धं सभागृह बाकं बडवायला लागलं. अॅडेअरचा चेहरा लाल झाला. तो फळ्यापाशी गेला आणि त्याने लिहिलं, 'आम्ही विचार करू.'

"तारीख?" राइली म्हणाली.

त्याने सातशे माणसांकडे पाहिलं. सातशे फोन त्याच्याकडे रोखलेले होते. त्याने लिहिलं, '१ मार्च.'

एक मार्च आला आणि गेला. काहीच झालं नाही. तेव्हापासून दर गुरुवारच्या पत्राची पहिली ओळ ठरलेली: 'तारीख उलटून आज सहा दिवस झाले.' 'आज तेरा दिवस झाले.' तिच्या यादीतले लोक ती ओळ आपापल्या पानांवर डकवायचे. एका वर्तमानपत्राने ती उचलली. चौतीस होईस्तोवर कंपनीच्या एका लांबलचक सूचनापत्रकात, त्रेसष्टाव्या ओळीत, एक वाक्य आलं: वापरणाऱ्याने परवानगी दिल्यास अॅपला सतत ऐकता येईल. हे सगळ्यांसाठी होतं. माफी नव्हती, कुणाचं नावही नव्हतं. राइलीने पत्रात तेवढंच छापलं, 'त्रेसष्टावी ओळ वाचा,' आणि पुढे परवानगी कशी मागायची ते समजावलं.

कोपरखळी परत दुकानात यायला आणखी दोन महिने गेले. पण तोवर त्या अकरातल्या तीन अॅप्सनी तिचे निम्मे लोक नेले होते. ते काही परत आले नाहीत.

"वाईट वाटतं का?" मी विचारलं.

"वाटतं ना. त्यातलं एक तर माझ्यापेक्षा चांगलं आहे. मेल्याने घंटेचे धक्के काय सुरेख बसवलेत!"

कंपनीने तिला सल्लागार मंडळात यायचं आमंत्रणही पाठवलं. तिने उलट विचारलं, बैठकीत ठरलेलं गुरुवारी छापता येईल का? नाही म्हणाले. तिने आमंत्रणाच्या कागदाच्या मागे किराण्याची यादी केली.

आता ती साठीला आली आहे. गेल्या आठवड्यात केनोराच्या एका म्हाताऱ्याने तक्रार केली, रोज पहाटे कोपरखळी मूल रडतंय म्हणून उठवतं, आणि त्याच्या घरात मूलच नाही. राइलीने त्याच्याकडून ध्वनिमुद्रण मागवून मला ऐकायला दिलं. तळ्यावरचा लून पक्षी होता, त्याची हाक रडण्यासारखीच असते.

"कंपनी म्हणते, पक्षी आणि मूल वेगळं ओळखणं या घड्याळाला झेपायचं नाही," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "कसा ओरडतो रे तो? मी पंचवीस वर्षांत ऐकला नाही."

मी तोंड वर करून, गळा ताणून लूनसारखा ओरडलो. ती माझ्या तोंडाकडे नीट बघत होती. मग खदखदून हसली.

"मूल असं तोंड करत नाही," ती म्हणाली, आणि लॅपटॉप जवळ ओढला. "झेपत कसं नाही ते बघतेच."