घरची धून मागणारा मास्तर

बातमी मित्राने दिली. मित्रा म्हणजे माझी मुलगी संघमित्रा, एकोणीस वर्षांची, इथे अमेरिकेतच कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. मी तेव्हा अ‍ॅशबर्नच्या आमच्या डेटा सेंटरमध्ये होतो. तिथे पंख्यांच्या घरघरीत स्वतःचाही आवाज ऐकू येत नाही. "बाबा, आधी बाहेर ये," एवढंच कळलं. पार्किंगमध्ये येऊन उभा राहिलो तेव्हा ती म्हणाली, "आर्मां इज गॉन, बाबा. झोपेतच गेले." मी काहीतरी बोलायला हवं होतं... पण मला आधी हसू आलं. खरं तेच सांगतो. कारण आर्मां म्हटल्यावर पहिल्यांदा आठवला तो त्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न: "तुमच्या किचनमध्ये एकूण किती माणसं मावतात?" मग गाडीला टेकून रडलोही, पण ते नंतर. या गोष्टीला आता सहा आठवडे होऊन गेले. त्यांच्याबद्दल लिहायचं तर रडका सूर लावायचा नाही, हे मी तेव्हाच ठरवलं. तो माणूस हरून गेलेला नाही.

आर्मां आमच्या भागातल्या मिडल स्कूलमध्ये बँड शिकवायचे. मूळचे फ्रेंच-कॅनेडियन. क्वेबेकमधल्या एका नदीकाठच्या गावात जन्म, गावात एकच कागद गिरणी आणि अख्खं गाव तिच्यात कामाला. घरात फक्त फ्रेंच. लहानपणी चर्चच्या बँडमध्ये हातात ट्रॉम्बोन आला, तोच पितळी बाजा, ज्याची नळी पुढे-मागे सरकवत सूर काढतात. अठराव्या वर्षी ते माँट्रियलला पळाले, तिथल्या क्लबांमध्ये जाझ वाजवू लागले, आणि एक दिवस एका अमेरिकन बँडच्या बसमध्ये चढले. "पुढची पंधरा वर्षं मी त्या बसमधून उतरलोच नाही," असं ते सांगायचे. उतरले ते व्हर्जिनियात, एका नर्सच्या प्रेमात पडून. लग्न झालं, शाळेत नोकरी धरली, आणि मोठमोठ्या वादकांच्या मांडीला मांडी लावून वाजवलेल्या या माणसाने पुढची तीस वर्षं अकरा-बारा वर्षांच्या मुलांचे बेसूर भोंगे आनंदाने ऐकले. आपण वरून खाली आलो असं त्यांना कधीही वाटलं नाही. उलट क्लबात लोक प्यायला येतात, इथे निदान वाजवायला येतात, म्हणायचे.

मित्रा सहावीत गेली आणि तिने बँडमध्ये ट्रॉम्बोन निवडला. घरी मी चिडलो. व्हायोलिन घे म्हटलं, फ्लूट घे, क्लॅरिनेटसुद्धा चालेल, पण तो बाजा नको. "बट व्हाय?" ती विचारायची आणि मी ऑफिसचं काहीतरी निमित्त काढून उठायचो. बायकोला कारण माहीत होतं. ती फक्त माझ्याकडे बघायची, आणि ते बघणं मला अजिबात आवडायचं नाही. शेवटी पोरीने ट्रॉम्बोनच आणला.

आर्मांचा एक रिवाज होता. दर वर्षी नव्या मुलांना पहिला गृहपाठ एकच. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या गळ्यातली किंवा हातातली एक धून फोनवर रेकॉर्ड करून आणायची. इंटरनेटवरची नको, पुस्तकातली नको. मग सगळा बँड ती कानाने शिकणार, आणि वर्षाअखेर ज्याच्या घरची धून, त्याच्या घरच्या माणसाने स्टेजवर येऊन ती कोणाची ते सांगणार. कोणी आजीची अंगाई आणली, कोणी आजोबांचं शेतावरचं गाणं. मित्राने आणली ती मी तिला दिलेली. सांगायला लाज वाटते, पण मी एका जुन्या गवयाची भैरवी इंटरनेटवरून काढली, किचनमधल्या स्पीकरवर लावली, समोर फोन धरला, आणि घरगुती वाटावं म्हणून मध्ये दोनदा खोकलो. एकदा कुकरची शिट्टीही होऊ दिली. तिला सांगितलं, हे आजोबा आहेत, पूर्वी गायचे. आपल्याकडून इकडे आलेल्या माणसाच्या घरात शास्त्रीय गाणं असतंच असा इथल्या लोकांचा समज असतो, त्याचा मी फायदा घेतला.

आठवड्याने आर्मांनी मला शाळेत बोलावलं. उंच, किडकिडीत, पांढऱ्या भुवया. मला समोर बसवलं आणि रेकॉर्डिंग शेवटापर्यंत ऐकवलं. मी ते शेवटापर्यंत कधी ऐकलंच नव्हतं. शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला, शे-दोनशे माणसांचा, आणि कोणीतरी 'वाहवा' म्हणून ओरडलं. तेव्हा त्यांनी तो किचनचा प्रश्न विचारला. ते रागावले नाहीत. म्हणाले, "कुकर मात्र उत्तम होता. अगदी तालात." मग खुर्ची जवळ ओढून स्वतःची गोष्ट सांगू लागले.

त्यांचे वडील गिरणीत कामाला होते आणि दर शनिवारी शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात फिडल, म्हणजे गावाकडचं व्हायोलिन, वाजवत. खुर्चीवर बसून, दोन्ही पायांनी जमिनीवर ठेका धरून. माँट्रियलला आल्यावर आर्मांना त्याची लाज वाटू लागली. ते सगळ्यांना सांगायचे, माझे वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात. पुढे त्या बसमधल्या बँडचा प्रमुख, अमेरिकेच्या दक्षिणेतला एक काळा सॅक्सोफोनवाला, एकदा त्यांच्या पायांकडे बघून म्हणाला, "पोरा, हे पाय तुला ऑर्गनवाल्याने दिलेले नाहीत." आर्मां त्या आठवड्यात सुट्टी काढून गावी गेले. पण तोवर वडिलांची बोटं आणि आठवण, दोन्ही गेली होती. साठ-सत्तर धुनांमधली एकच हाती लागली. "एकच," ते बोट वर करून म्हणाले. "आता सांगा. तुमचे वडील काय वाजवतात?" ते गातात का, असं त्यांनी विचारलंच नाही... कसं ओळखलं कोण जाणे.

माझे वडील ट्रम्पेट वाजवतात. आम्ही घरी त्यांना भाऊ म्हणतो. उत्तर नागपुरात त्यांचं लग्नाचं बँड पथक होतं, चौदा माणसांचं, आणि ते त्याचे मास्तर. बँडवाला म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांत आमची वस्ती, आमची जात, सगळं एका क्षणात उमटायचं. लोकांच्या वरातीत सर्वांत पुढे चालायचं आणि जेवायला सर्वांत शेवटी, मांडवाच्या मागे बसायचं. त्याच मिळकतीवर भाऊंनी मला इंजिनिअर केलं. आणि मी काय केलं? अमेरिकेत आलो तसा इथल्या मराठी मंडळात, ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, वडील रेल्वेत होते. माझ्या लग्नात बँड ठेवलाच नाही, डीजे ठेवला. भाऊ पांढरा शर्ट घालून पाहुण्यासारखे एका खुर्चीवर बसून राहिले. हे सगळं मी त्या दिवशी पहिल्यांदा घराबाहेरच्या कोणाला तरी सांगितलं, तेही एका परक्या देशातल्या बँडरूममध्ये. आर्मांनी विचारलं, "त्यांचा दम कसा आहे?" म्हटलं, आता लागतो. "मग उशीर कशाला?"

पुढच्या रविवारी सकाळी ते ट्रॉम्बोन घेऊन आमच्या टाउनहाउसमध्ये हजर झाले. दोन वेळा पोहे मागून घेतले. नागपूरला संध्याकाळ होती. व्हिडिओ कॉल लागला आणि मी बघतच राहिलो. भाऊंनी बँडचा लाल कोट घातला होता, सोनेरी झालर लावलेला, इस्त्री केलेला. मित्राने त्यांना कधी त्या वेशात पाहिलंच नव्हतं. "आजोबा, यू लुक सो कूल!" ती ओरडली. भाऊंनी जयंतीच्या मिरवणुकीची धून वाजवली. वस्तीतून मोठ्या रस्त्यावर पडताना वाजवायची, त्यांनी स्वतः बसवलेली. दोन ओळी झाल्या आणि खोकला आला. पाणी प्यायले, पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्या वेळी पूर्ण झाली. आर्मां डोळे मिटून ऐकत होते.

"मास्तरले विचार," भाऊ नातीला म्हणाले, "जोर कुठून लावते? छातीतून का पोटातून?"

मित्राने कसंबसं इंग्रजी केलं. आर्मांनी पोटावर थाप मारली.

"बराबर! हा आपला माणूस हाय," भाऊ खूश झाले. "आता त्याच्या बापाचं वाजव म्हणा."

मग आर्मांनी ती एकुलती एक उरलेली धून वाजवली, खुर्चीवर बसून, दोन्ही पायांनी आमच्या किचनच्या फरशीवर ठेका धरून. भाऊ तिकडे मान हलवत होते. पुढचे पाच रविवार हा कार्यक्रम चालला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. एकमेकांना मास्तर म्हणायचे आणि वाजवायचे. माझी तिथे कोणालाच गरज नव्हती, मी आपला चहा करत होतो.

वर्षाअखेरच्या कार्यक्रमात सहावीच्या बत्तीस मुलांनी भाऊंची धून वाजवली. त्याआधी स्टेजवर जाऊन ती कोणाची ते सांगायची पाळी माझी. घरी चार वाक्यं पाठ केली होती. पण माइकपाशी गेलो तर तिसऱ्या रांगेत मंडळातली निम्मी मंडळी दिसली, आणि माझ्या तोंडून निघालं, "धिस इज अ ट्रॅडिशनल ट्यून फ्रॉम सेंट्रल इंडिया." पारंपरिक! भाऊंनी रात्रंदिवस डोकं घालून बसवलेली धून मी दोन शब्दांत बेवारस करून टाकली. मित्राने ट्रॉम्बोन ओठाला लावण्याआधी माझ्याकडे पाहिलं. मुलांनी मात्र सभागृह दणाणून सोडलं, लोक उभे राहिले. नंतर आर्मां माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मस्त झालं. फक्त तुम्ही चार मात्रा खाल्ल्या." मी सॉरी म्हणालो. "मला कशाला? पुन्हा वाजवू तेव्हा घ्या." भाऊंना रेकॉर्डिंग पाठवलं, त्यातला माझा भाग कापून. तो मी का कापला हे त्यांनी कधी विचारलं नाही, आणि न विचारण्यानेच मला जास्त लागलं.

चार वर्षांनी आर्मां निवृत्त झाले, पण नावापुरतेच. बायको आधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. जुने विद्यार्थी शनिवारी त्यांच्या गॅरेजमध्ये जमायचे, त्यांचाच एक बँड झाला, मित्रा त्यात. मीही जायचो, खुर्च्या मांडायला. दर वेळी वाटायचं, आज मंडळात कोणाला तरी सांगून टाकू. आणि दर वेळी भाऊ रेल्वेतच राहिले.

आर्मांना शेवटचं भेटलो ते ते जाण्याच्या पंधरा दिवस आधी. हृदय थकलं होतं, खिडकीपाशी पलंग लावला होता. मी फोन पुढे केला. भाऊंनी व्हिडिओ पाठवला होता. आता पथक भाऊंचा पुतण्या चालवतो, भाऊ रिक्षात बसून सोबत जातात आणि दम पुरेल तेवढं वाजवतात. नागपुरातल्या एका गल्लीत वरात, ढोलाचा दणका, आणि त्यावर पितळी वाद्यांतून आर्मांच्या वडिलांची धून. नवरदेवाचे मित्र घाम गाळून नाचत होते. एक आजीबाई पदर खोचून शिरल्या होत्या. आर्मांनी तो तीनदा बघितला. पांघरुणाखाली त्यांचे पाय हलत होते. मग माझा हात धरून म्हणाले, "माझे वडील आयुष्यात कधी गिरणीच्या गावाबाहेर गेले नाहीत. आणि आता बघा, नागपूरला पोचले." इतका जिंकलेला चेहरा मी दुसऱ्या कोणाचा पाहिलेला नाही. निघताना मी त्यांच्या पाया पडलो. त्यांना त्याचा अर्थ मित्राने आधीच सांगितला होता, त्यामुळे त्यांनी माझ्या डोक्यावर व्यवस्थित हात ठेवला.

गेल्या शनिवारी इथल्या एका हॉटेलात मराठी लग्न होतं. मित्राच्या बँडमधल्या एका मुलीचा भाऊ नवरदेव. आर्मांच्या विद्यार्थ्यांनी वरात आपल्याकडे घेतली. हॉटेलच्या पार्किंग लॉटमध्ये दुपारच्या उन्हात अकरा जणं उभी राहिली, कोरियन, तेलुगू, काळी, गोरी, मध्ये माझी पोर. आधी भाऊंची धून झाली, मग आर्मांच्या वडिलांची. हॉटेलचे कर्मचारी दारात येऊन टाळ्या वाजवू लागले. मी बाजूने पाण्याच्या बाटल्या आणि सांडलेले कागद गोळा करत चाललो होतो. तेवढ्यात फेटा बांधलेले एक काका जवळ आले. मंडळात त्यांना पाहिलेलं होतं, बोलणं कधी झालं नव्हतं. म्हणाले, "काय वाजवतात हो पोरं! आपण मुलाकडचे का मुलीकडचे?"

"बँडकडचा," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"माझे वडील नागपूरचे बँडमास्तर. मघाची पहिली धून त्यांची. ही आत्ताची आमच्या मास्तरांच्या वडिलांची. आणि ती ट्रॉम्बोनवाली माझी मुलगी."

एवढं सगळं एका दमात, मोठ्याने. ढोलाच्या वर आवाज चढवावाच लागतो. काकांनी पुढे काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही. वरात हलली होती, आणि आमचं घराणं वरातीत पुढे चालणारं. मी बाटल्या उचलल्या आणि धावत जाऊन बँडबरोबर चालू लागलो.