कंसातल्या तीन कोकिळा

जन्मात एकच गाणे गावे आणि तेही दुसऱ्याच्या नावावर छापले जाण्याची वेळ यावी, असे तुमच्या बाबतीत कधी घडले आहे काय? घडले नसेल तर देवाचे आभार माना आणि ऐका.

जिल्ह्यातील गायक-वादकांचा कोश करण्याचे काम आम्ही तिघांनी पत्करले, तेव्हा चरित्रे जमतील असे वाटले होते. चरित्रे थोडी जमली, किस्सेच फार! शाळेतून निवृत्त झालेला मी संपादक, जन्मभर तबला शिकवलेले अण्णा माहितगार, आणि महाविद्यालयातल्या शुभांगीबाई संगणकावर. बैठक दर शुक्रवारी, अंबाबाईचे दर्शन घेऊन, माझ्या घरी.

नियम दोन. टोपणनाव सारखे असेल तर प्रत्येक नावापुढे कंस, आणि कंसात कला व गाव. दुसरा नियम माझा: ज्याच्यामुळे नोंद चुकली, त्याने ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या दारी जावे, क्षमा मागावी आणि तो सांगेल ती शिक्षा भोगावी. हा नियम प्रथम मलाच लागू होईल, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

०

'मास्टर दिलखूश' आम्हाला चार सापडले. चौघांचे म्हणणे एकच, बाकीचे तिघे नकली.

उचगावचे दिलखूश लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतात. त्यांचा फोन आला. "सर, कंसात 'खरा' एवढंच घाला. लई न्हाय मागत."

"कंसात फक्त कला आणि गाव."

"मग गाव ऱ्हाऊ द्या, पर 'खरा' घाला की!"

अण्णांनी फोन माझ्या हातून घेतला. "पावणं, तिघांनी आधीच 'खरा' मागितलाय. तुमच्यापुढं 'चौथा खरा' घालू काय?"

फोन बंद झाला.

०

'कुमारी कोकिळा' तीन निघाल्या. पहिल्या कळंब्याच्या. वय सत्तरीच्या पुढे, पाच नातवंडे. नोंद वाचायला त्या स्वतः रिक्षाने आल्या.

शुभांगीबाईंनी भीत भीत विचारले, "आजी, 'कुमारी' तसंच ठेवायचं का?"

"ठेवा की! कॅसेटवाल्यानं छापलं तवाच माझं लगीन झालतं. त्यो म्हणाला, सौभाग्यवतीची कॅसेट खपत न्हाय."

त्या कॅसेटवर त्यांची अंबाबाईची एक भूपाळी होती. पहाटे देवळांच्या कर्ण्यांवरून आम्ही सर्वांनी ती ऐकलेली आहे. पुढे सासरी गाणे बंद झाले. कॅसेटवर गायिकेचे नाव एवढेच, 'कुमारी कोकिळा'. गाव नाही, पत्ता नाही.

जाताना त्या म्हणाल्या, "तुमच्या पुस्तकात माझ्या नावावर एवढीच एक वळ हाय, सर. ती तेवढी पुसू नगासा."

०

आता माझा अपराध. उचगावच्या दिलखूशांच्या नोंदीत मी बँजो वाजवणाऱ्या दिलखूशांचा संसार मिसळला. तपासणीसाठी पाठवलेला कागद पतीच्या आधी पत्नीने वाचला. दुसऱ्याच दिवशी ती दारात उभी!

"सर, ह्यांची बायको मालन, असं छापलंय. मग तीस वर्सं भाकऱ्या थापत्या ती मी कोण?"

मागून दिलखूश कळवळले, "आईशप्पत सर, ही मालन कोण, मला बी ठावं न्हाय!"

मी क्षमा मागितली आणि शिक्षा विचारली. त्या माउलीने क्षणाचाही विचार केला नाही. "हे रोज घरात तीन तास सराव करत्यात. एक दिवस माझ्या जागी तुम्ही बसा. मी माहेरी जाऊन येते."

बसलो. दहा बाय दहाची खोली आणि क्लॅरोनेट! नियम बदलण्याचा मोह झाला. बदलला नाही.

०

दुसरी कोकिळा पेठ वडगावची. तिला झुपकेदार मिशा आहेत!

नाव दत्तोबा. तरुणपणी मेळ्यात लुगडे नेसून गात आणि आवाज असा की बायकांनी वळून पाहावे. पाटीवर नाव 'कुमारी कोकिळा'. त्यांनी स्वहस्ते लिहून पाठवले: 'प्रसिद्ध अंबाबाईची भूपाळी माझीच.' सोबत गावातल्या अकरा जणांच्या सह्या.

आम्ही कॅसेट लावली. आवाज बाईचा म्हणावा तर दत्तोबाही बाईच्याच आवाजात गात. अण्णांनी चार वेळा ऐकून हात टेकले.

तिसरी कोकिळा कोल्हापुरातल्याच ऑर्केस्ट्रात गाते. कॅसेट निघाली तेव्हा तिचा जन्मही नव्हता. तिने आपणहून कळवले, "सर, माझ्या नावावर देवाचं काही घालू नका. हळदीच्या कार्यक्रमांना कोणी बोलवायचं नाही!"

एक सुटली. राहिल्या दोन, आणि ओळ एक. छपाईला आठवडा उरला होता.

०

युक्ती शुभांगीबाईंची. भूपाळीच्या शेवटच्या ओळीला मागे एक बारीक आवाज येतो. इतकी वर्षे आम्ही तो पाखराचा समजत होतो. पहाटेची भूपाळी, तेव्हा पाखरू हवेच! शुभांगीबाई म्हणाल्या, "जो तिथे हजर होता, त्यालाच तो आवाज कशाचा ते ठाऊक असणार."

प्रथम वडगाव. दत्तोबांनी कॅसेट ऐकली, मिशीवरून हात फिरवला. "त्ये व्हय? मांजर. स्टुडिओत मांजरं लई."

मग कळंबा. कोकिळाबाईंनी कॅसेट पुरती ऐकलीही नाही. स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "सुमन, भाईर ये गं!"

पंचेचाळिशीची एक बाई पदराला हात पुसत बाहेर आली.

"ह्यो बघा तुमचा आवाज. चार म्हैन्यांच्या ह्या लेकीला मांडीवर घिऊन गायलेय मी. शेवटाला रडली. कॅसेटवाला म्हणाला, टेप संपली, ऱ्हाऊ दे."

सुमन लाजून आत गेली आणि चहा घेऊन आली.

०

दत्तोबांना मी बोलावून घेतले. मांजराची गोष्ट काढताच त्यांनी मान खाली घातली.

"सर, आधी मी कवा म्हटलं न्हवतं, माझं हाय म्हणून. लोकच म्हणायचे, दत्तोबा, काय गायलास रं! मी फकस्त 'न्हाय' म्हटलं न्हाय. चाळीस वर्सं ऐकून मलाबी खरं वाटाय लागलं, म्हणून तुमास्नी तसं लिवून धाडलं."

"दुसऱ्याची स्तुती गप्प बसून घेणे हीसुद्धा चोरीच," मी म्हणालो. "कळंब्याला चला."

ते आले. उंबऱ्यावरच त्यांनी हात जोडले. "बाई, चुकलं. आता सांगाल ती शिक्षा."

कोकिळाबाईंनी त्यांना पायांपासून मिशांपर्यंत न्याहाळले. "अजून म्हणतोस व्हय भूपाळी?"

"दर शुक्रवारी. वडगावात, देवळात."

"मग म्हण की, बाबा. माझा गळा गेला, तुझा हाय. देवीला कुणीतरी उठवाय पायजे. पर आधी माझं नाव घ्यायचं, गावासकट. आणि माझ्या लेकीला मांजर म्हणालास न्हवं? मग शेवटच्या वळीला..."

शिक्षा सर्वांसमक्ष ठरली. दत्तोबांनी मान्य केली. कोशात भूपाळीची ओळ 'कुमारी कोकिळा (भक्तिगीत, कळंबा)' या नोंदीत छापली गेली.

गेल्या शुक्रवारी मी मुद्दाम पहिल्या एसटीने पेठ वडगावला गेलो. देऊळ भरलेले होते. त्या अकरा सह्यांतले बहुतेक पुढेच बसले होते. दत्तोबा उभे राहिले, देवीला नमस्कार केला आणि स्पष्ट शब्दांत म्हणाले, "ही भूपाळी कळंब्याच्या कोकिळाबाईंची." मग डोळे मिटून गायले. फार सुरेख गायले.

शेवटची ओळ आली. टाळ थांबले. आणि भरल्या देवळात, झुपकेदार मिशांच्या आडून, चार महिन्यांचे लेकरू रडले.