नलिनीच्या टाकीचं पाणी

नलिनी गेली त्याला आता अडीच महिने झाले. दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी घरी तिच्या माशांना खायला घालत होतो. आठ दिवस न्यूमोनियाशी झगडली बिचारी, आणि गेली ती मी जवळ नसताना… मासे तिचेच, तेव्हा तक्रार तरी कुणाकडे करू?

पुण्यात, विश्रांतवाडीत तिसऱ्या मजल्यावर आमच्याकडे समुद्र होता, असं सांगितलं की लोक हसतात. मीही हसायचो. आमचा अभय कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी अमेरिकेला गेला, जाताना आईला इंटरनेट जोडून देऊन गेला, आणि शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या या बाईने त्याच्या रिकाम्या खोलीत चार फुटी काचेची टाकी मांडली. तीही खाऱ्या पाण्याची! मूळची चंद्रपूरची, चाळिशीपर्यंत समुद्र पाहिला नव्हता. पण जिवंत प्रवाळ, पट्ट्यापट्ट्यांच्या क्लाउन माशांची जोडी, एक लाल कोळंबी, सगळं नऊ वर्षं नांदवलं तिने. "पाळायचेच तर खायचे मासे पाळ," असं मी म्हणायचो. "अहो, तुम्हाला पाळलंय तेवढं पुरे," असं उत्तर यायचं. रोज सकाळी आंघोळीआधी ती टाकीत तांब्याने पाणी घालायची. खोलीत दोन ड्रम होते, एक निळा, एक पांढरा. ती कुठल्यातलं घालते, हे मी नऊ वर्षांत एकदाही पाहिलं नाही. पेपर वाचत असायचो.

दवाखान्यात चौथ्या दिवशी तोंडावरचा मास्क बाजूला करून ती म्हणाली, "अहो, टाकीत रोज… पाणी घालताना…" धाप लागली होती. मी मास्क परत लावला. म्हटलं, "कळतंय मला सगळं. तू बोलू नकोस." तिने नाही म्हणून मान हलवली, पुन्हा मास्ककडे हात नेला. मी तो हात धरून ठेवला. तेव्हा मला वाटलं, मी प्रेमाने वागतोय.

बौद्ध रीतीने तिचं पुण्यानुमोदन झालं, त्यासाठी आलेला अभय परत गेला. वरच्या मजल्यावरची सुजाता हिंजवडीत नोकरी करते. नलिनीमुळे तिलाही हे वेड लागलेलं. ती म्हणाली, "काका, मी कंपनीच्या कामाला महिनाभर परदेशात, ऑनसाइट चाललेय. टाकीसाठी कुणाला सांगून जाऊ का?" मी म्हटलं, "अगं, मी काय पाहुणा आहे या घरात?" एप्रिलचे दिवस, पाणी भराभर आटायचं. मी निळ्या ड्रममधलं पाणी बोट बुडवून चाखलं होतं. खारट. समुद्रात खारटच घालायचं, यात विचारायचं काय? ड्रम संपला तेव्हा तिच्या समुद्री मिठाच्या पाकिटावरचं वाचून, मीठ मोजून नवं पाणी कालवलं. एक दिवस चुकवला नाही. इतकं मन लावून मी संसारात काही केलं नव्हतं.

आधी प्रवाळ मिटले. तिच्याशिवाय त्यांनाही करमत नाही, असं मला वाटलं. अहो, खरंच वाटलं! मग कोळंबी गेली. मग जोडीतला नर. मादी दोन दिवस कोपऱ्यात एकाच जागी हलत राहिली, तिसऱ्या दिवशी तीही…

सुजाता आली, तिने पाण्याचा थेंब खारटपणा मोजायच्या नळीवर ठेवला आणि उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिली. "काका, रोज कुठलं पाणी घालत होतात?"

"निळ्यातलं."

तिने नळी बाजूला ठेवली. "काका, पाणी उडून जातं, मीठ टाकीतच राहतं. रोज साधं पाणी घालायचं, पांढऱ्यातलं. निळ्यातलं फक्त रविवारी, थोडं पाणी बदलताना." मग घाईघाईने म्हणाली, "तुमची चूक नाही हो."

"मग कुणाची, माशांची?" म्हणालो, आणि पोरीसमोर ढसाढसा रडलो.

एवढंच सांगायचं होतं नलिनीला. एका श्वासाचं वाक्य, आणि मी ते तिला बोलू दिलं नाही. लोक समजूत घालतात, मासेच ते. पण तिच्या हातचं जे जे जिवंत उरलं होतं, ते मी पाच आठवड्यांत मारलं, आणि मारताना तिचीच सेवा करतोय असं समजत होतो. याच्यावर दिलासा नाही. मला तो नकोही आहे.

टाकी काढून टाका, असं अभय फोनवर म्हणतो. काढली नाही. रोज आंघोळीआधी पांढऱ्या ड्रममधलं दोन तांबे साधं पाणी घालतो. रविवारी सुजाता येऊन मोजते. परवा म्हणाली, "काका, आता अगदी काकूंच्या वेळेसारखं झालंय पाणी." मी टाकीचा दिवा लावला. नितळ पाणी, तळाची वाळू स्वच्छ दिसत होती… आत कोणीच नव्हतं.