आवाजाच्या दोन प्रती

मी तापट माणूस आहे. आमच्याकडे हा गुण बापाकडून आला. वडलांना आम्ही आप्पा म्हणतो. मखमलाबादला त्यांचा फुलांचा मळा आहे. फूलबाजारात भाव पाडू बघणाऱ्या व्यापाऱ्याला त्यांनी झापलं की शेजारचे चार गाळे गप्प व्हायचे. दोन वर्षांपूर्वी घशाच्या कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. डॉक्टरांनी आधी स्पष्ट सांगितलं होतं, तरी आम्हा शहाण्यांपैकी एकालाही त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायचं सुचलं नाही. सुचलं तेव्हा उशीर झाला होता. स्वतःलाच चार शिव्या हासडल्या.

मग आठवलं, अरे, आप्पा माझ्या फोनमध्ये आहेत की! त्यांना टाइप करायचा भारी कंटाळा. जे काही असेल ते बोलूनच पाठवायचे. 'मेथी ठेवलीय, घेऊन जा.' 'पाणी सोडलंय, चिखल हाय, गाडी आत घालू नको.' असे कितीतरी वर्षांचे निरोप. पण फोन जुना झाला होता, मध्येच बंद पडायचा. तो कायमचा बंद पडला असता तर आप्पांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

म्हणून मळ्यातल्या घरी सर्व्हर बसवायचं ठरवलं. ऑपरेशननंतर मी आणि बायको शहरातला फ्लॅट सोडून इथेच राहायला आलो होतो. सर्व्हर म्हणजे काय, माझाच जुना कॉम्प्युटर, त्यात एक मोठी डिस्क टाकली. टीव्ही त्याला जोडला. आणि अंगणापलीकडच्या फुलांच्या शेडमध्ये दुसरं छोटं मशीन, जे रोज आपोआप सगळ्याची नक्कल उतरवून ठेवेल. एकीकडे काही बरंवाईट झालं तरी दुसरीकडे प्रत राहावी. घरात मात्र 'पिक्चर बघायला' असं सांगितलं. खरं कारण सांगायला जीभ रेटेना.

घरापासून शेडपर्यंत केबल मी पत्र्याच्या कडेनं ओढली. तिसऱ्या दिवशी उंदरांनी कुरतडली. दुसरी आणली, तीही खाल्ली. मग माझं डोकंच फिरलं. केबल अंगणात आपटली आणि उंदरांच्या अख्ख्या खानदानाचा उद्धार केला. आप्पा ओट्यावर बसून बघत होते. त्यांनी खिशातली वही काढली, काहीतरी खरडलं आणि माझ्या नाकासमोर धरलं : 'येडा हायस का? नळीतून ने.'

मळ्यात ठिबकची जुनी जाड नळी पडून होती. आप्पांनी तारेनं तिच्यात सुतळी ओवली, सुतळीला केबल बांधली आणि सरसर पलीकडे ओढून घेतली. मग नळी जमिनीत पुरून वरून दगडांची ओळ लावली, पुढे कुणाची कुदळ लागायला नको म्हणून. जन्मभर पाणी कुठून कुठे न्यायचं हेच करत आलेल्या माणसाला नेटवर्क समजवावं लागलं नाही. मी सरी वाकडी खणली तेव्हा हातवारे करून असे चिडले की बस्स! ऑपरेशननंतर पहिल्यांदाच चिडले होते. मला फार बरं वाटलं.

निरोप मी एकेक ऐकत बसलो नाही. सगळे एकदम उचलून सर्व्हरवर टाकले. शेडमधल्या मशीनवरही प्रत पोचलेली पाहिली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. संध्याकाळी चहा झाल्यावर सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं आणि निरोप ओळीनं सुरू केले.

'अरे ऐक, गुलाबाला लय मागणी हाय...'

खोलीभर आप्पा! आईनं तोंडाला पदर लावला. बायको हसत म्हणाली, "आप्पा, केवढ्यानं बोलायचात हो!" आप्पा स्वतःच्याच आवाजाला मान डोलवत होते. मी खुशीत होतो, अगदी मोठा पराक्रम केल्यासारखा.

मग एक निरोप लागला. आवाज घोगरा होता.

'फोन उचलत नाय तू. कामात असशील. माझा घसा लय दिवस बसलाय रे, गिळायला बी त्रास होतोय. तुझ्या आईला बोललो नाय. रविवारी आलास तर मोठ्या दवाखान्यात जाऊन येऊ. मला एकट्याला तिथलं काय कळत नाय.'

हा निरोप मी कधी ऐकलाच नव्हता. भाजीचा असेल म्हणून न उघडता पुढे गेलो असेन. पडद्यावरची तारीख ऑपरेशनच्या सहा-सात महिने आधीची होती.

मी टीव्ही बंद केला. आई माझ्याकडे बघत होती, आणि मला त्या दवाखान्यातली खोली आठवत होती. डॉक्टरांनी विचारलं होतं, इतके दिवस का थांबलात? त्यावर मीच सगळ्यांसमोर आप्पांवर ओरडलो होतो, "तोंड नव्हतं का तुम्हाला? आधी सांगता येत नव्हतं?" आप्पा खाली मान घालून ऐकत राहिले होते. तेव्हा त्यांना आवाज होता.

"आप्पा, तुम्ही मला सांगितलं होतं," मी कसंबसं म्हणालो. "मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

त्यांनी वही घेतली. बराच वेळ लिहीत होते, पण पान माझ्याकडे वळवलं तेव्हा त्यावर एवढंच होतं : 'डॉक्टर होता, सूनबाई होती. त्यांच्यासमोर तुला खाली बघाय लावू?'